मुळं उपटत खानदेशभर

सोमवार : जळगाव, चांगदेव, फैजपूर, यावल

खानदेशची देवी कानबाई, तिच्या विसर्जनाच्या दिवशी निघायला गाडी चालवणारे नाना तयार नव्हते. आदल्या रविवारी त्यांच्या घरी रोट झालेले, सोमवारी सकाळी मिरवणूक, ती सोडून गाडी कोण काढणार? शेवटी साडेदहाला जळगाव सुटलं. भुसावळच्या वाटेवर डोक्यावर कानबाई घेतलेल्या बायका, पुढे वाजंत्री, फुगड्या. नाना गाडी बंद करून खाली उतरले, नमस्कार केला, मग सावकाश चढले. घाई काय ती आम्हालाच.

गाडीत नानांशिवाय मृदाशास्त्राचे सर, शिंदखेड्याकडची एम.एस्सी.ची विद्यार्थिनी आणि सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणारी मी. डिकीत कुदळ, खुरप्या, स्पिरिट, कापडी पिशव्या, बर्फाचा डबा आणि एक खोकंभर झाकणाच्या बाटल्या. बाटलीच्या तळाशी सिलिका जेल, त्यावर कापूस, आणि त्या कापसावर मुळावरची गाठ ठेवायची. गाठ अशी वाळली की आतला जिवाणू कित्येक आठवडे टिकतो. आमच्या विभागात रायझोबियमचे, म्हणजे गाठीतल्या या जिवाणूचे, जे स्ट्रेन (वाण) आहेत ते सगळे बाहेरून मागवलेले, खानदेशच्या मातीतला एकही नाही. जमीन आणि पीक बदललं की जिवाणूही बदलतो, हे मी फळ्यावर सांगत आले, पण हातात घेऊन दाखवायला काही नव्हतं. म्हणून हा दौरा.

ज्यांना हा विषय नवा असेल त्यांच्यासाठी थोडक्यात. हवेत ७८ टक्के नत्र आहे, पण त्याचे दोन अणू तिहेरी बंधाने एकमेकांना असे जखडलेले असतात की कुठल्याच झाडाला ते थेट वापरता येत नाहीत. कारखान्यात हा बंध तोडायला ४०० ते ५०० अंश तापमान आणि दीडशे-दोनशे पट हवेचा दाब लागतो. काही जिवाणू तेच काम वावरातल्या तापमानाला करतात, नायट्रोजिनेज नावाच्या विकराच्या (एन्झाइमच्या) जोरावर. द्विदल पिकांच्या मुळांवर ज्या गाठी दिसतात त्यात हे जिवाणू राहतात. झाड त्यांना साखर देतं, ते झाडाला नत्र देतात. जर्मनीत हेलरीगेल आणि विल्फार्ट यांनी १८८६ मध्ये हे सिद्ध केलं आणि १८८८ मध्ये बायरिंकने नेदरलँड्समध्ये गाठीतला जिवाणू वेगळा काढून वाढवला. आपला शेतकरी हरभऱ्याचं बेवड (आधीच्या पिकाने जमिनीत मागे ठेवलेला गुण) गव्हाला चांगलं म्हणतो, ते त्याच्या फार आधीपासून.

चांगदेवला पूर्णा तापीला मिळते. देवळाशी थांबून पाणी पाहिलं, गढूळ आणि भरलेलं. पूर्णा विदर्भातल्या खारपाणपट्ट्यातून येते. इकडे शेवटाला तिची माती खोल, काळी, चिकट. सरांनी चिमूटभर माती पाण्यात कालवून सामू (पीएच) पाहिला, आठाच्या वर. एका भाऊंच्या सोयाबीनमध्ये शिरलो. चिखल इतका की चपला हातात. सोयाबीन फुलावर होतं. पहिलं झाड खणून काढलं, मुळाला वाटाण्याच्या निम्म्या आकाराच्या गोल गाठी, नखाने फोडल्या तर आत गुलाबी. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या कुळातला. नायट्रोजिनेजला ऑक्सिजन सोसत नाही आणि जिवाणूला तर श्वासाला ऑक्सिजन हवा. हे द्रव्य ऑक्सिजन धरून ठेवतं आणि लागेल तेवढाच सोडतं. गुलाबी म्हणजे गाठ कामावर आहे. पुढच्या ओळीतलं झाड मात्र तितकंच उंच, पानं जरा फिकी, मुळाला एकही गाठ नाही.

सोयाबीन आपल्याकडे पाहुणं पीक. मूग-उडीद-चवळीसारखं ते इथल्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या नव्हतं, त्यामुळे त्याला मानवणारे जिवाणूही सगळीकडे पुरेसे नसतात. ब्रॅडिरायझोबियम जापोनिकम आणि त्याचे भाऊबंद हे त्याचे नेहमीचे सोबती. चीनमधल्या विम्ल (अल्कधर्मी) जमिनींत मात्र एन्सिफर फ्रेडी नावाचा वेगळा, झपाट्याने वाढणारा जिवाणू सोयाबीनच्या गाठींत बराच सापडतो. चांगदेवच्या या सामूला आपल्याकडे कोण बसलंय, हे मला बघायचंच होतं. भाऊंनी बियाण्याला रायझोबियमचं पाकीट लावलं होतं. कसं लावलं ते विचारल्यावर म्हणाले, "बुरशीनाशक आन ते पाकीट, दोन्ही एकाच बादलीत कालवलं. येळ वाचतो." सरांनी कपाळाला हात लावला नाही, एवढंच. अशा कालवणीत जिवाणूच मरतात. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, ते वाळल्यावर सगळ्यात शेवटी गुळाच्या थंड पाण्यातून रायझोबियम, २५० ग्रॅमचं पाकीट दहा किलो बियाण्याला, आणि सावलीत सुकवून लगेच पेरणी. हे पाकिटावर छापलेलं असतं, पण इतक्या बारीक अक्षरात की मलाही चष्मा काढून-घालून वाचावं लागतं.

दुपारनंतर केळीचा पट्टा. सावदा, फैजपूर, यावल. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच केळी, उत्तरेला सातपुडा ढगात. मला वाटलं होतं इथे उपटायला काही मिळायचं नाही. पण फैजपूरच्या अलीकडे एका मृगबागेत (मृगाच्या सुमाराला लावलेल्या केळीत), नुकत्या लावलेल्या टिश्यू कल्चरच्या रोपांच्या मधल्या पट्ट्यात चवळी दिसली. तण दाबायला आणि घरापुरत्या शेंगांना, असं मालक म्हणाले. चवळी जोमदार, हिरवीगार, बघत राहावी अशी. उपटली तर मुळावर मोजक्या, मोहरीएवढ्या, पांढऱ्या गाठी. विद्यार्थिनीने पाच-सहा झाडं उपटली, सगळ्यांची तीच गत.

कारण ठिबकच्या नळीतून वाहत होतं. केळीला झाडामागे २०० ग्रॅमच्या आसपास नत्र द्यायची शिफारस आहे आणि ते बहुतेक युरियातून ठिबकने जातं. मातीत तयार नायट्रेट भरपूर असलं की द्विदल झाड गाठी बनवणं स्वतःच आवरतं घेतं. गाठ पोसणं झाडाला महाग पडतं: नत्राचा एक रेणू फोडायला जिवाणूला एटीपीचे (पेशीतल्या ऊर्जेच्या चलनाचे) किमान सोळा रेणू खर्चावे लागतात आणि ती ऊर्जा झाडाच्या साखरेतून येते. आयतं मिळत असेल तर झाड तो खर्च करत नाही. यात जिवाणूचा दोष नाही आणि झाडाचाही नाही.

मालकांनी लगेच विचारलं, "मग युरिया बंद करू काय?" केळीला नाहीच करता येणार, हे मी सांगितलं. चवळीच्या गाठी केळीची भूक भागवू शकत नाहीत. पण ४५ किलोची युरियाची गोणी अडीचशेच्या वर थोडक्या रुपयांत मिळते, तिच्यात वीस किलोंच्या आसपास नत्र असतं, आणि इतकं स्वस्त नत्र मुळांपाशी असताना जिवाणूंची पिढीजात वस्ती हळूहळू विरळ होत जाते, हे खरं आहे. यजमान पीक नसलं आणि गाठी बनल्या नाहीत, तर दर हंगामाला गाठी कुजून लाखोंनी मातीत परतणारे जिवाणू परतत नाहीत. इथली माती दोन पिशव्या जास्त घेतली.

मुक्काम यावलला. शेवभाजी इतकी तिखट की सर रात्रभर पाणी पीत होते. ते मूळचे कोकणातले.

मंगळवार : चोपडा, तापी ओलांडून अमळनेर

सकाळी चोपड्याच्या बाजूने निघालो. सातपुड्याच्या पायथ्याची माती सोडून खाली तापीकडे येऊ लागलं की रंग गडद होतो, भेगा खोल होतात आणि कपाशी सुरू होते. कपाशी, कपाशी, मग मध्येच एखादं मुगाचं वावर. या भागाची जुनी रीत म्हणजे खरिपात मूग नाहीतर उडीद, तो काढून त्याच ओलीवर रब्बीला दादर किंवा हरभरा. दादर ज्वारीची भाकरी खाल्लेल्या माणसाला दुसरी ज्वारी आवडत नाही, हे माझं नाही, नानांचं मत, पण मला ते मान्य आहे.

मुगाला शेंगा भरायला लागल्या होत्या. इथल्या गाठी चांगदेवच्या सोयाबीनसारख्याच गोल, पण फोडल्यावर निम्म्या हिरवट-तपकिरी. शेंगा भरू लागल्या की झाड आपली साखर दाण्यांकडे वळवतं आणि गाठी म्हाताऱ्या होतात. गाठी बघायच्या तर फुलाच्या वेळेला, हा साधा नियम. बाटल्यांत गुलाबीच घेतल्या, प्रत्येक गाठीला अर्धा सेंटिमीटर मुळाचा तुकडा ठेवून, कारण गाठ मुळापासून खुडली की तिला जखम होते आणि नंतर निर्जंतुक करताना औषध आत शिरतं.

अमळनेरच्या अलीकडे आम्हाला पाहिजे होतं ते सापडलं: रब्बीसाठी पड ठेवलेली भारी जमीन, जिथे गेली कित्येक वर्षं हरभरा होतो. ऑगस्टमध्ये तिथे हरभऱ्याचं नाव नाही. म्हणून इथून गाठी नाहीत, माती घ्यायची. वरची पालापाचोळ्याची ढलपी बाजूला करून इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा, वीत-दीड वीत खोल, त्याच्या कडेची पातळ चकती. वावरात नागमोडी फिरत अशा आठ-दहा जागांची माती एकत्र. मग ढीग करून चार भाग, समोरासमोरचे दोन टाकायचे, उरलेल्याचे पुन्हा चार, पिशवीपुरतं उरेपर्यंत. वावर बदललं की खुरपी स्पिरिटने पुसायची, नाहीतर एका गावचे जिवाणू दुसऱ्या गावच्या नावावर लागतात.

बांधावरच्या लिंबाखाली वावराचे मालक बसले होते, ऐंशीच्या घरातले आबा. आम्ही काय शोधतोय ते नानांनी त्यांना अहिराणीत समजावलं, माझ्यापेक्षा बरंच थोडक्यात: "आबा, हरभराना मुयाले ज्या गाठी ऱ्हातस ना, त्या जंतू दखाले उनात." आबांनी विचारलं, हरभरा तर दिवाळीच्या सुमाराला, मग आत्ता जंतू काय खात असतील? मला वर्गात हा प्रश्न आजवर कुणी विचारलेला नाही.

खरंच काय खातात? यजमान नसताना रायझोबियम मातीतला साधा जिवाणू असतो. कुजणारी मुळं, सेंद्रिय पदार्थ यांच्यावर जगतो आणि तेव्हा नत्र बांधत नाही. उन्हाळ्यात ही काळी माती चांगलीच तापते, पण खोलवर आणि मातीच्या बारीक कणांच्या सांदीत ते तग धरतात. हरभरा रुजला की त्याची मुळं फ्लॅव्होनॉइड नावाची द्रव्यं सोडतात, ते ओळखून जिवाणू आपला संदेश पाठवतो, मुळाचा केस वळतो, आणि वाट उघडते. कुलूप-किल्लीसारखं हे नेमकं असतं. चवळीच्या गाठीतला ब्रॅडिरायझोबियम हरभऱ्याच्या काही कामाचा नाही. हरभऱ्याला मेसोरायझोबियम लागतो, मुख्यतः सिसेरी आणि मेडिटेरेनियम या जाती आणि त्यांचे जवळचे नातेवाईक.

ऑस्ट्रेलियाची गोष्ट इथे मी आबांना सांगितली. तिथे हरभरा नवा, त्यामुळे त्याचा जिवाणूही तिथल्या मातीत नव्हता. सीसी ११९२ नावाचा एकच स्ट्रेन वर्षानुवर्षं सगळ्या देशभर बियाण्याला लावला गेला. म्हणजे हरभऱ्याच्या गाठींत सगळीकडे तोच सापडायला हवा. पण काही दशकांनी तपासलं तर गाठींत तिथलेच जुने, स्थानिक मेसोरायझोबियम बसलेले निघाले, हरभऱ्याला ओळखणारी जनुकं उचलून. गाठ बनवायची आणि नत्र बांधायची जनुकं या कुळात एका सलग गठ्ठ्यात असतात आणि तो गठ्ठाच्या गठ्ठा एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो. न्यूझीलंडमध्ये दुसऱ्या एका चाऱ्याच्या पिकावर १९९५ मध्ये हे पहिल्यांदा स्पष्ट दिसलं होतं. आबा ऐकून म्हणाले, म्हणजे घरजावई. मी हो म्हटलं, पण नंतर सर गाडीत म्हणाले की घरजावई बाहेरून येतो, इथे तर घरचाच माणूस पाहुण्याचा सदरा घालून बसलाय.

मग तापीकाठच्या या मातीत हरभऱ्याचा सोबती किती प्रकारचा असेल? एकच स्ट्रेन बाहेरून आलेला नाही, पीक पिढ्यांचं आहे, त्यामुळे मला भरपूर वैविध्याची आशा होती, अजूनही आहे. शोधायची रीत सोपी आहे: निर्जंतुक वाळूच्या कुंडीत हरभरा लावायचा, त्यात या मातीचं पाणी घालायचं, आणि झाडाला त्याचा सोबती स्वतः निवडू द्यायचा. सहा-सात आठवड्यांनी गाठी काढायच्या.

जेवण नानांच्या बहिणीकडे. कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारीत उडीद दळून केलेली, वर तेल आणि ठेचा. विद्यार्थिनीने तीन खाल्ल्या.

बुधवार : धुळे, साक्री, पिंपळनेर

धुळ्याहून साक्रीकडे गेलो तसा पाऊस मागे पडला. ही पांझरेच्या वरच्या अंगाची जमीन: हलकी, मुरमाड, एक वीत खणलं की खडक. बाजरी, मका, भुईमूग. इथे काळ्या मातीतल्यासारखं पाणी साचत नाही, मुळांना हवा मिळते, आणि गाठींना ते मानवतं. साचलेल्या पाण्यात गाठी गुदमरतात.

भुईमूग उपटू द्यायला मात्र कुणी तयार होईना, आणि त्यांचं बरोबर होतं. आऱ्या (शेंग धरणारे देठ) नुकत्या सुटून जमिनीत शिरत होत्या. झाड उपटलं म्हणजे तेवढ्या शेंगा गेल्या. पिंपळनेरच्या वाटेवर एका काकूंनी बांधाकडेची, गुरांनी तुडवलेली चार झाडं दाखवली: "ही घ्या, अन् वावरात पाय नका घालू." त्या चार झाडांवर जेवढ्या गाठी होत्या तेवढ्या आम्ही दोन दिवसांत एकत्र पाहिल्या नव्हत्या. भुईमुगाच्या गाठी बघण्यासारख्याच असतात. जिथून पोटमूळ फुटतं नेमकी त्या बेचक्यात एकेक बसलेली. मूग-सोयाबीनमध्ये जिवाणू मुळाच्या केसातून आत जातो. भुईमुगात पोटमूळ बाहेर येताना साल फाटते त्या फटीतून शिरतो. हा मार्ग जुना आणि कमी चोखंदळ मानतात, म्हणून भुईमुगाला नाना प्रकारचे ब्रॅडिरायझोबियम चालतात. शास्त्रज्ञांनी पूर्वी त्या सगळ्यांना "चवळी गट" अशा एका पोत्यात टाकलं होतं. १९८२ मध्ये जॉर्डनने संथ वाढणाऱ्यांची ब्रॅडिरायझोबियम ही वेगळी प्रजात केली, आणि तेव्हापासून त्या पोत्यातून नव्या नव्या जाती निघतच आहेत.

पण जिवाणू सहज मिळतो म्हणजे तो चांगला असतो असं नाही. भुईमुगाच्या गाठींत बरेच भाडेकरू असे असतात की जागा अडवतात, साखर खातात आणि नत्र जेमतेम बांधतात. वरून गाठ दिसते सारखीच. शंभर गाठी मोजून शेतकऱ्याने खूश होऊ नये, फोडून रंग पाहावा, एवढंच मी काकूंना सांगितलं. त्यांनी तिथल्या तिथे नखाने एक फोडली आणि म्हणाल्या, "रगत शे हाऊ!" पुढच्या बॅचला लेगहिमोग्लोबिन शिकवताना मला हेच आठवणार.

बांधावर बाभूळ होती, तिच्याही मुळांवर गाठी मिळाल्या, लांबट आणि फांद्या फुटलेल्या. त्या बहुधा एन्सिफरच्या असतील, पण ते प्रयोगशाळेत प्लेटवर जिवाणू वाढवल्यावर कळेल. तिच्याशेजारी चिंच होती. विद्यार्थिनी तिच्या मुळाशी खणायला बसली, कारण चिंचेलाही शेंगा, म्हणजे कुळ तेच. मी थोडा वेळ खणू दिलं. शेंगा येणाऱ्या सगळ्याच झाडांना गाठी येत नाहीत. चिंच, आपटा, गुलमोहर, तरवड यांनी ही सोय कधी मिळवलीच नाही, किंवा मिळवून सोडून दिली. उत्क्रांतीच्या अभ्यासकांमध्ये यावर अजून वाद आहे.

गुरुवार : कोंडाईबारी, नवापूर

कोंडाईबारी घाट उतरलो आणि पाऊस परत आला, तो संध्याकाळपर्यंत थांबला नाही. मागे राहिलेल्या बाजरीच्या रानातून तासा-दीड तासात भाताच्या खाचरांत. खानदेश म्हटलं की कपाशी-केळी डोळ्यापुढे येते, नवापूर त्यात बसतच नाही.

नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन आहे. बांधांवर आणि उताराच्या वावरांत तूर गुडघ्याएवढी झालेली. तुरीच्या गाठी उपटून पाहणं पावसात सोपं, माती आपसूक सुटते. तुरीशीही बहुतेक ब्रॅडिरायझोबियमच जमवतो, मधूनमधून एन्सिफर. इथली माती तापीच्या मातीपेक्षा कमी विम्ल, आणि ब्रॅडिरायझोबियमला तसं चालतं.

खाचरांत गाठी नसतात, पण नत्र बांधणारे असतात. पाण्यावर हिरवी-निळसर साय दिसते ती निळ्या-हिरव्या शैवालांची, जी खरं तर जिवाणूच आहेत. बंगालच्या भातखाचरांत नत्र मुख्यतः हेच बांधतात, हे पी. के. डे यांनी १९३९ मध्ये दाखवून दिलं. त्यांच्या माळेत मधूनच एक जाड भिंतीची पेशी असते, तिच्यात ऑक्सिजन शिरत नाही, नत्राचं काम तिथे चालतं. गुलाबी रंगद्रव्याऐवजी बंद खोली. दोन बाटल्या पाणी घेतलं.

सगळ्यात मोठा आनंद मात्र एका पडीक कोपऱ्यातल्या लाजाळूने दिला. २००१ पर्यंत समज होता की द्विदलांच्या गाठींत रायझोबियम आणि त्याचेच चुलत-मावस भाऊ असतात. त्या वर्षी बुर्खोल्डेरिया आणि आता क्युप्रियाव्हिडस म्हणतात तो, असे अगदी परक्या घराण्यातले जिवाणू गाठी बनवताना सापडले, आणि क्युप्रियाव्हिडस सापडला तो लाजाळूतच. भारतातल्या लाजाळूतही तो मिळालेला आहे. नाना छत्री धरून उभे, मी चिखलात, आणि लाजाळू अर्थातच पानं मिटून. काटे हातात घुसले ते रात्री सुईने काढले.

नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत आहे. पाऊस असल्यामुळे तिथे चहा पीत तासभर बसलो. बाकी काही झालं नाही.

शुक्रवार : शहादा, तोरणमाळ

नंदुरबारहून प्रकाशाला तापी ओलांडली. शहाद्याच्या सपाटीवर ऊस, पपई आणि पुन्हा कपाशी. उसाच्या आतच राहून नत्र बांधणारा एक जिवाणू ब्राझीलमध्ये योहाना डोबेराइनर यांच्या चमूने १९८८ मध्ये वर्णन केला. तो शहाद्याच्या उसात आहे का हे बघायला हवं, पण त्याला वेगळी तयारी लागते. ऊस तसाच ठेवून आम्ही म्हसावदमार्गे राणीपूरकडे आणि तिथून सात पायरीचा घाट चढलो.

वर माती तांबूस, पाणी वाहून जाणारी, वावरं उतारावर. घाटमाथ्याच्या अलीकडच्या एका पाड्यावर दुभाष्या म्हणून आशाताई आमच्यासोबत आल्या, कारण वावराच्या मालकीण मावशी पावरी बोलीत बोलायच्या आणि आमच्यातल्या कुणाला ती येत नव्हती. मावशींच्या एका वावरात, एकराच्या आतबाहेर, ज्वारी, मका, तूर, उडीद, चवळी, कुळीथ आणि कडेने भेंडी. ओळी शोधायच्या प्रयत्नात सर दमले. खत म्हणजे गोठ्यातलं शेण, युरिया नाही. सोमवारी पाहिलेली फैजपूरची चवळी आणि ही चवळी शेजारी ठेवली असती तर कुणीही फैजपूरची उचलली असती, इतकी ही लहान आणि फिकी होती. मुळं मात्र गाठींनी लगडलेली. फोडल्या त्यांतल्या बहुतेक लालबुंद.

या एका वावरात जेवढे प्रकार असतील तेवढे खाली केळीच्या सलग शंभर एकरांत सापडणार नाहीत, अशी माझी पैज आहे. ती जमिनीवर लावलेली नाही, पेरणाऱ्यावर लावलेली आहे. आठवडाभर आम्ही सामू मोजला, मातीचा रंग लिहिला, पावसाची नोंद केली, आणि या सगळ्यांचा परिणाम असतोच. पण त्या मातीत कुणी काय आणि किती वर्षं पेरलं, याची नोंदही जिवाणूंच्या वस्तीत राहते. चार द्विदलं शेजारी शेजारी असली की चौघांचे सोबती तिथे राहतात, एकमेकांत जनुकं देत-घेत. सिद्ध व्हायला अजून प्लेटा आहेत. निर्जंतुक केलेली गाठ चुरडून यीस्ट-मॅनिटॉलच्या प्लेटवर पसरली की झपाट्याने वाढणारे तीन-चार दिवसांत दिसतात, संथ वाढणारे सहा-सात दिवसांनी. त्यात गाठीत नुसतेच राहायला आलेले बॅसिलस वगैरेही उगवतात, त्यांना वेगळं काढावं लागतं. मग जनुकं वाचायची, आणि एकच जनुक वाचून भागत नाही, कारण ब्रॅडिरायझोबियमच्या वेगवेगळ्या जातींत १६एस हे ओळखीसाठी नेहमी वाचतात ते जनुक जवळजवळ सारखंच असतं. ओळख पटवायला दोन-तीन इतर जनुकं आणि गाठ बनवणारं एक, असं सगळं मिळून बघावं लागतं.

मावशी हे ऐकत होत्या. आशाताईंनी किती आणि काय सांगितलं कोण जाणे, पण मावशींचा प्रश्न आला तो असा: तुमचं पाकिटातलं जंतू इथे आणून टाकलं तर आमचे जंतू त्याला राहू देतील का?

बहुतेक नाही, असं उत्तर आहे. मातीत आधीपासून असलेले जिवाणू संख्येने प्रचंड असतात, त्यांना इथलं ऊन-पाणी सवयीचं असतं, आणि पाकिटातल्याच्या वाट्याला कधी कधी शंभरातल्या मोजक्याच गाठी येतात. जगभर या व्यवसायाची हीच अडचण आहे. म्हणून बरेच जण आता स्थानिकांतलाच सर्वात कामसू निवडून त्याचं पाकीट करावं म्हणतात. आम्हीही त्याच विचाराने गाठी गोळा करतोय, हे मी सांगून टाकलं.

"म्हणजे आमच्याच मातीतला जंतू पाकिटात घालून आम्हालाच विकणार?"

सर जैवविविधता कायदा सांगू लागले: २००२ चा कायदा आहे, त्यात सूक्ष्मजीवही येतात, शिकण्यापुरतं नेणं वेगळं, पण व्यापारासाठी वापरायचं तर राज्याच्या जैवविविधता मंडळाला आधी कळवावं लागतं आणि लाभातला वाटा गावाकडे यायला हवा. आशाताईंनी ते सगळं दोन वाक्यांत उरकलं. मावशींचं समाधान झालं नाही. पुढच्या खरिपात त्यांच्याच वावरातल्या जिवाणूचं पाकीट करून अर्ध्या उडदाला लावून बघायचं, अर्धा तसाच ठेवायचा, हे मात्र त्यांना पटलं. अटी घातल्या. उडीद त्यांचाच, बाहेरचं बियाणं नाही. पाकीट मृगाआधी पोचलं पाहिजे, पेरणी थांबणार नाही. पाकिटाचे पैसे मागायचे नाहीत. आणि फरक पडला नाही तरी येऊन सांगायचं, कारण मागे एकदा असंच कुणी मिरचीची रोपं देऊन गेलं होतं आणि परत तोंड दाखवलं नाही.

चारही अटी विद्यार्थिनीने वहीत लिहून घेतल्या. माती चार पिशव्या, गाठींच्या बाटल्या सगळ्यात जास्त इथल्याच. अंधाराआधी घाट उतरायचा म्हणून नाना खालून हॉर्न वाजवत होते.